तेरा मिनिटांचं वर्ष

माती तपासण्याच्या प्रयोगशाळेत काकांना चौतीस वर्षं झाली होती, आणि या चौतीस वर्षांत त्यांनी कोणालाही 'हो' किंवा 'नाही' असं एका शब्दात उत्तर दिल्याचं कोणाला आठवत नव्हतं. त्यांच्या अहवालात 'साधारणपणे', 'बहुधा', 'उपलब्ध माहितीवरून तरी' असे शब्द जागोजागी पेरलेले असत. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम वयाने काकांच्या निम्म्या. त्या लाल पेन घेऊन हे शब्द एकेक करून खुडत आणि म्हणत, "काका, पुलाचा खांब बहुधा उभा राहील, असं लिहून कसं चालेल?" काका ओशाळून हसत. पुढच्या अहवालात तेच शब्द पुन्हा उगवलेले असत.

काम तसं साधं होतं. मातीवर वजन ठेवायचं आणि ती किती बसते ते पाहायचं. जमिनीतून काढलेला चिकणमातीचा तुकडा एका पितळी कड्यात बसवायचा. कडं बांगडीहून थोडं मोठं, दोन सेंटिमीटर उंच. त्याच्या खाली आणि वर पाणी झिरपू देणारे दगड, आणि सगळं पाण्यात बुडवलेलं. मग तरफेच्या टोकाला टांगलेल्या पारड्यात वजनं ठेवायची आणि डायलच्या काट्याकडे बघायचं. माती बसली की काटा पुढे जातो, फुगली की मागे येतो. डायलवरची एक रेघ म्हणजे मिलिमीटरचा पाचशेवा भाग. केसाची जाडी त्यापुढे पुष्कळ झाली.

वजन पडलं की आधी मातीतलं पाणी हळूहळू पिळून निघतं. ते निघालं की माती थांबेल, असं नव्या माणसाला वाटतं. ती थांबत नाही. वजन तेच, माती तीच, तरी ती सरकत राहते. आतले कण एकमेकांना जागा करून देत, अंग चोरत, दाटत जातात. तासाने, महिन्याने, वर्षाने ते बसणं कमी कमी होत जातं, पण संपत मात्र नाही.

म्हणून वाचनं घेण्याची एक रीत ठरून गेलेली होती. पहिलं एका मिनिटाने, मग दोन, चार, आठ, पंधरा, तीस, मग तास, दोन तास, चार तास, आठ तास, आणि शेवटचं चोवीस तासांनी. दर वेळी थांबायचं ते जवळपास दुप्पट. पहिल्या तासात डोळ्यांत तेल घालून बसणारा माणूस दोन तासांनंतर बिनधास्त चहाला जातो. काकाही चौतीस वर्षं गेले होते. मधल्या वेळात डायल काय करतो, हे बघायची कोणाला गरजच नव्हती.

त्या दिवशी मात्र काका चहाला गेले नाहीत, कारण कड्यातली माती त्यांच्या ताईच्या परसातली होती.

ताई त्यांच्याहून सात वर्षांनी मोठी. एक्केचाळीस वर्षांपूर्वी ती आणि भावोजी शहराच्या कडेला स्वतःचं घर बांधून राहायला गेले. तिथे पूर्वी तळं होतं, आणि गाळ भरून ते केव्हाच बुजलं होतं. घर बैठं, पाच खोल्यांचं, भिंती चांगल्या जाड. पहिली काही वर्षं ते जरा जास्तच खचलं, मग सगळे विसरून गेले. आता वर्षभरात मागचं दार खांद्याने ढकलल्याशिवाय लागेना. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली भेग छताकडे चालली होती. शेजारची दोन घरं रिकामी झाली. दूरच्या शहरात राहणारा भाचा दर आठवड्याला फोनवर सांगत होता, "आई, तुम्ही दोघं इकडे या. ते घर तुम्हाला घेऊन बसेल एक दिवस."

भावोजींनी जन्मभर शाळेत भूमिती शिकवलेली. त्यांनी दिवाणखान्यात छतापासून दोरा सोडून त्याला एक जड बोल्ट बांधून ठेवला होता, आणि भिंत कलतेय का हे ते रोज सकाळी पट्टीने मोजत.

"आपल्या घरी मातीतला एवढा मोठा जाणकार असताना मी कशाला निर्णय घेऊ?" ते म्हणाले होते. "छोट्या, तूच सांग. राहायचं की जायचं? फक्त हवामानाच्या अंदाजासारखं सांगू नकोस."

छोट्या म्हणजे काका. वय साठ.

"नमुना काढून बघू या," काका म्हणाले. "म्हणजे साधारण अंदाज..."

"हे बघा, आलं साधारण!" भावोजी हसले. ताई हसली नाही. ती म्हणाली, "मी कुणाचं ऐकणार नाही. ना ह्यांचं, ना लेकाचं. तू राहा म्हणालास तर राहीन, जा म्हणालास तर जाईन. पण एकदाच सांग, आणि नीट सांग."

काकांनी परसाच्या पार टोकाला, कुंपणालगत, जिथे घराचा भार कधी पोचलाच नव्हता, तिथे भोक घेतलं. मीटरभर वाळू, मग चार मीटर काळपट चिकणमाती, आणि तिच्याखाली पुन्हा वाळू. मधल्या मातीतून त्यांनी एक नमुना काढला. या मातीला घर माहीत नव्हतं. तिच्यावर घराएवढा दाब ठेवला की घराखालच्या मातीने एक्केचाळीस वर्षांत काय काय केलं, आणि पुढे काय करील, हे ती सुरुवातीपासून करून दाखवणार होती. एवढ्याचसाठी हा खटाटोप.

सकाळी बरोबर आठ वाजता त्यांनी वजन पारड्यात सोडलं.

मग ते डायलसमोर स्टूल ओढून बसले आणि दर मिनिटाला वाचन लिहू लागले. परक्याच्या मातीला त्यांचा स्वतःवरचा जेवढा विश्वास पुरत असे, तेवढा ताईच्या मातीला पुरेना. एखादं वाचन चुकलं तर बाजूचं वाचन ते पकडून देईल, एवढाच विचार.

प्रयोगशाळा अर्धी जमिनीखाली होती. तिथे ऊन नाही, वारा नाही, ऋतू कळत नाही. उंच झरोक्यातून रस्त्यावरच्या माणसांचे फक्त पाय दिसत. पाण्याचा, ओल्या मातीचा आणि तेल दिलेल्या लोखंडाचा वास. भिंतीवरच्या घड्याळाची टकटक. मोबाईल इथे लागत नसे. त्यासाठी जिना चढून वरच्या वळणावर जावं लागे.

साडेनवाला मॅडम आल्या. "काय काका, दूध उतू जाणार आहे का?"

"घरचं काम आहे," काका म्हणाले. "म्हणून जरा..."

"ताईंचं ना? बसा, बसा." त्या आपल्या काचेच्या खोलीत गेल्या.

दहापर्यंत पाणी निघून गेलं होतं. काटा आता फार सावकाश चालत होता. पाच-सहा मिनिटं एकाच रेघेवर, मग पुढच्या. काकांना हा सावकाशपणा आवडत असे. त्यात एक प्रकारचा सज्जनपणा आहे, असं त्यांना वाटे, पण हे त्यांनी कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

दहा वाजून तेवीस मिनिटांनी काटा दोन रेघा मागे आला.

काकांनी चष्मा पुसला. काटा मागेच होता. वजन पारड्यात जसंच्या तसं. पाणी जागच्या जागी. रस्त्यावरून काही जड गेलं म्हणावं, तर बाकीच्या तीन डायलचे काटे ढिम्म. आणि हादऱ्याने माती बसते, फुगत नाही. वजन उचलल्याशिवाय माती घेतलेली जागा परत देत नाही, आणि दिली तरी अगदी थोडी. काकांनी वाचन लिहिलं, पुढे प्रश्नचिन्ह काढलं. थोड्या वेळाने काटा त्या मागच्या जागेवरूनच पुन्हा सावकाश पुढे चालू लागला.

बारा त्रेपन्नला तो पुन्हा मागे आला. या वेळी तीन रेघा. काकांनी डबा उघडलेला होता, घास हातात होता. तो त्यांनी तसाच परत ठेवला.

दुपारी दोनला त्यांनी आलेख काढायला घेतला. घरासाठी अहवाल द्यायचा तर मिनिटांची वर्षं करावी लागतात. त्याचा हिशोब सोपा आहे. मातीचा थर जितका जाड, त्याच्या वर्गाच्या पटीत वेळ जास्त. दोन सेंटिमीटरचा नमुना आणि चार मीटरचा थर, म्हणजे दोनशे पट जाडी, म्हणून चाळीस हजार पट वेळ. नमुन्याचं एक मिनिट म्हणजे घराखालच्या मातीचे सुमारे अठ्ठावीस दिवस. तेरा मिनिटांचं एक वर्ष. काकांनी आलेखाच्या खालच्या कडेला मिनिटांखाली वर्षं लिहीत नेली. आठ वाजता घर बांधून झालं, असं धरायचं. म्हणजे आजचा दिवस पाचला एक मिनिट कमी असताना येणार.

खरं तर हा नियम पाणी निघून जाईपर्यंतचाच. नंतरच्या सरकण्याला तो लागू नाही, हे काकांना पाठ होतं. तरी त्यांनी प्रश्नचिन्हांखालीही वर्षं लिहिली, कारण रेघ अर्धवट सोडणं त्यांना जमत नसे.

पहिल्या प्रश्नचिन्हाखाली आलं, दहा वर्षं साडेदहा महिने. दुसऱ्याखाली, बावीस वर्षं साडेतीन महिने.

काका त्या आकड्यांकडे बघत राहिले. मग उठले, जिना चढून वळणावर गेले, आणि त्यांनी ताईला फोन लावला.

"ताई, तुझ्या सासूबाई कधी गेल्या गं?"

"अगंबाई! हे काय आता?" ताई म्हणाली. "मातीत सापडल्या की काय तुला?"

"सांग ना."

"आम्ही इथे राहायला आलो, त्याला अकरा वर्षं व्हायला दीड महिना कमी होता. त्यांना त्या दिवशी पायरीवर बसून चहा हवा होता, आणि मी..." ती थांबली. "का विचारतोस?"

"आणि तुझा लेक नोकरीला निघून गेला, ते कधी?"

"घराला बावीस वर्षं झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. छोट्या, बरा आहेस ना तू? जेवलास?"

"जेवलो," काका म्हणाले. डबा उघडाच होता.

"माझं काय ठरलं? राहू की जाऊ?"

"संध्याकाळी सांगतो."

"म्हणजे साधारण संध्याकाळी," ताई म्हणाली आणि फोन ठेवला.

खाली येऊन काकांनी हिशोब मांडला. त्यांचं डोकं हिशोबात शांत राहत असे. त्या घराचं वजन दोनशे टनांच्या आसपास. त्यात एक माणूस म्हणजे साठ किलो. एवढ्याने डायलची अर्धी रेघही हलायला नको. शिवाय माणूस घरातून गेला, तो तिकडच्या घरातून. इथे पारड्यात ओतीव लोखंडाची चार वजनं आहेत, त्यांतून कोणी गेलेलं नाही. त्यांनी वजनं मोजली. चार होती.

तीन वाजून दहा मिनिटांनी काटा दोन रेघा मागे आला. चार मिनिटांनी तो तितकाच पुढे गेला.

बत्तीस वर्षं आठ महिने. या वेळी फोन करायची गरज नव्हती. सुनेच्या बाळंतपणाला ताई साडेतीन-पावणेचार महिने लेकाकडे जाऊन राहिली होती. तिला गाडीत बसवायला काका स्वतः गेले होते. भावोजी तेव्हा घरात एकटे होते आणि रोज भात करपवत होते.

ताईच्या दोन रेघा. सासूबाईंच्याही दोनच होत्या, पण त्या आता नव्हत्या. भाच्याच्या तीन होत्या, आणि अंगापिंडाने भावोजीही त्याच्यासारखेच.

काकांनी हात मांडीखाली घेतले आणि वाचन चुकू नये म्हणून पेन्सिल दातांत धरली.

साडेचारला मॅडम पर्स खांद्याला लावून आल्या. "काका, चला. आता शेवटचं वाचन सकाळी आठला. तोपर्यंत ती काही पळून जात नाही."

"मी सहापर्यंत बसतो. किल्ली द्या माझ्याकडे."

मॅडमनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "काही चुकलंय का? परत करू या हवं तर. दुसरा नमुना आहे ना?"

"चुकलंय असं वाटत नाही," काका म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही कधी दोन तासांनंतर बसून बघितलंय? मिनिटा-मिनिटाने?"

"कोण बघतं, काका?" मॅडम म्हणाल्या. किल्ली टेबलावर ठेवून त्या गेल्या. झरोक्यातून त्यांचे पाय जाताना दिसले.

चार एकोणसाठ. आज.

काटा स्थिर होता. काकांना क्षणभर वाटलं, ताई आत्ता याच मिनिटात कुठेतरी आहे. मागच्या दाराला खांदा लावत असेल.

पाच. पाच एक. पाच दोन. पाच तीन.

पाच वाजून चार मिनिटांनी काटा दोन रेघा मागे आला.

साडेचार महिने.

काकांनी वाचन लिहिलं. आकडा वाचता येईल असा आला नव्हता, म्हणून खोडून पुन्हा लिहिला. मग ते उठले. स्टूल पडलं, ते त्यांनी उचललं नाही. जिन्यावर त्यांना दम लागला.

"ताई, घर सोडा."

"किती दिवसांत?"

"उद्या. सकाळच्या पहिल्या गाडीने."

"अरे, असं कसं? दूधवाला, कपाटं... ह्यांची औषधं..."

"ताई, औषधं घे आणि नीघ. बाकीचं मी बघतो. मी येऊन कुलूप लावतो."

"भिंत पडणार आहे का?"

काकांना खोटं बोलता येत नसे आणि खरं काय ते सांगता येत नव्हतं. "तू म्हणालीस एकदाच सांग. मी सांगितलं. जा."

"बहुधा नाही, साधारण नाही?"

"नाही."

ताईने भावोजींना हाक मारली, "अहो, ऐकलंत का, छोट्या ठाम बोलला!" आणि फोनवर म्हणाली, "आम्ही निघतो. तू असा बोललास म्हणजे ते तसंच असणार." मग भावोजींनी फोन घेतला, दोऱ्याला बांधलेला बोल्ट काल कुठे होता आणि आज कुठे आहे हे सांगितलं. मग गाडीची वेळ, मग भाच्याला कोणी कळवायचं. पाचचे सव्वापाच झाले.

काका खाली आले तेव्हा पाच सोळा झाले होते. काटा पाचच्या आधी जिथे होता, तिथून पाच रेघा मागे होता.

दोन आणि तीन. ताई आणि भावोजी. घर रिकामं.

काकांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी स्टूल उचललं, बसले, आणि दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला. आपण सांगितलं आणि ती दोघं निघाली. मग त्यांच्या लक्षात आलं की पाच-पाच ते पाच-पंधरा ही अकरा वाचनं आपण घेतलेली नाहीत. वहीत तेवढी जागा कोरी. ताईनंतर भावोजी लगेच गेले की दहा महिन्यांनी, आणि गेली म्हणजे कशी, हे सगळं त्या कोऱ्या जागेत राहून गेलं होतं.

बरोबर गेली, असं त्यांनी ठरवलं. उद्या सकाळच्या गाडीने.

पाच एकवीसला काटा दोन रेघा पुढे गेला.

काका बघत राहिले. पावणेदोन वर्षांनंतर. दोन रेघा. तीन नाही.

तो परत मागे यावा म्हणून ते थांबले. चार मिनिटांनी येईल, बाळंतपणाच्या वेळी आला होता तसा. तेरा मिनिटांनी येईल. काटा त्या नव्या जागेवरून सज्जनासारखा पुढे सरकत होता, मातीने सरकावं तसा. सहा वाजले. मुक्कामाला तीन वर्षं होत आली होती.

काकांनी कुलूप लावलं आणि घरी गेले.

सकाळी पावणेआठला ते परत आले. माती रात्रभर कड्यात पाण्याखाली बसलेली होती. आठला त्यांनी शेवटचं वाचन घेतलं आणि आलेखावर टिंब दिलं. एकशे नऊ वर्षं सहा महिने. काल संध्याकाळी सहापर्यंतची रेघ पट्टीने पुढे वाढवली तर ती बरोबर त्या टिंबातून जात होती. मधे कुठे मागे येणं नाही. काका, ताई, भाचा, भाच्याची मुलगीसुद्धा जिथे नसतील, तिथेही दोन रेघा होत्या.

सव्वाआठला ते जिन्यावर गेले. ताईचाच फोन आला. मागे गाडीचा आवाज होता.

"निघालो बरं का. हे खिडकीशी बसून झोपलेसुद्धा. दार लागता लागेना, शेवटी तसंच ओढून आले. तू कुलूप लाव."

"लावतो. ठीक आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय? पण ऐक. हे म्हणतात, आता कायमचं लेकाकडेच. मी म्हटलं, तुम्ही राहा खुशाल. मी वर्ष-दीड वर्ष बघेन. नाही करमलं तर येईन परत एकटी. घर काही लगेच पडत नाही."

काकांनी कठडा धरला. "ताई, येऊ नकोस."

"अरे, आत्ता नाही म्हणत..."

"कधीच येऊ नकोस. मला शब्द दे."

"काय रे तुझं हे दोन दिवस?" ताई हळू म्हणाली. "बरं. दिला शब्द. नाही येणार. आता रडू नकोस, लोक बघतील."

जिन्यात कोणी नव्हतं. काकांनी डोळे पुसले आणि खाली गेले.

ताईने दिलेला शब्द तिने कधी मोडला नव्हता. तेव्हा आता ही चाचणी खोटी झाली, असं काकांनी मनाशी म्हटलं. आणि ती संपवायची हे त्यांच्या हातात होतं. रीत अशी की वजन टप्प्याटप्प्याने उतरवायचं आणि दर टप्प्याला थांबायचं. काकांनी चौतीस वर्षांत पहिल्यांदा रीत मोडली. चारही वजनं एकामागून एक उचलून फळीवर ठेवली. रिकामं पारडं थोडं हेलकावलं आणि स्थिर झालं.

काटा मागे आला. भार निघाल्यावर यायला हवा तसा, आधी भरभर, मग हळू. माती मोकळी झाली होती. घर नव्हतं, भिंती नव्हत्या, कोणी नव्हतं. काकांनी वहीचं नवं पान उघडलं आणि सवयीने वेळा लिहिल्या. एक मिनिट. दोन. चार. आठ.

आठव्या मिनिटाला काटा थांबला होता. काकांनी वाचन लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली. पेन्सिल ठेवली.

मग त्यांनी वर पाहिलं.

रिकामं पारडं हलत नव्हतं. काटा दोन रेघा पुढे गेला होता.